ओवी सोडू की भीमपलास?

पत्र आलंय भुसावळच्या एका विद्यार्थिनीचं, सोबत तिची वहीही. थोडक्यात असं :

"ताई, माझी गायनाची मध्यमा परीक्षा झाली आहे. सध्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पाश्चात्त्य संगीतशास्त्र हा एक पेपर आहे. त्यात आवाज आणि पियानो यांच्यासाठी एक आर्ट साँग लिहून द्यायचं आहे. ३० ते ४० बार (ठराविक ठोक्यांची घरं), एक मॉड्युलेशन (मध्येच षड्ज बदलणं), शेवटी नीट केडन्स (गाणं मिटवणारे कॉर्ड), सगळं पाच रेषांच्या स्टाफ नोटेशनमध्ये. मी आजीची जात्यावरची ओवी घेतली :

जातं बोले घरघर
लेक गेली तापीपार
पीठ पडे भुरभुर
डोया लागे वाटेवर

चाल भीमपलासात बांधली. सरांनी वही लाल करून परत दिली. डॉमिनंट (पंचमावरचा, षड्जाकडे ओढणारा) कॉर्ड लागत नाही, डाव्या हातात पॅरलल फिफ्थ (सा-प सारखी जोडी जशीच्या तशी सरकवणं) आहेत आणि पियानो नुसता आवाजाच्या मागे फिरतो, असे तीन शेरे आहेत. मैत्रीण म्हणते, एखादी इंग्रजी कविता घे आणि मेजर स्केलमध्ये लिहून मोकळी हो. तीन आठवडे उरलेत. मी ओवी सोडू की भीमपलास सोडू?"

मुली,

दोन्ही सोडू नकोस. सरांचे तिन्ही शेरे बरोबर आहेत आणि तिन्ही मिटवता येतात. पण कॉर्डकडे मी शेवटी येईन, कारण तुझी खरी अडचण तिसऱ्या शेऱ्यात आहे आणि त्याला तू सगळ्यांत कमी जागा दिलीस. पियानो आवाजाच्या मागे फिरतो.

आपण भावगीतावर वाढलेली माणसं. भावगीतात साथ गाणाऱ्याला धरून चालते, दोन ओळींच्या मधली जागा भरते आणि गायकानं थोडं थांबून घेतलं तर तीही थांबते. त्या शिस्तीची गोडी वेगळी. आर्ट साँगमध्ये मात्र पियानो हा दुसरा माणूस असतो. त्याचा प्रत्येक स्वर लिहिलेला असतो आणि गाणारा जे बोलत नाही ते पुष्कळदा त्याच्याकडे असतं. संगीतकार शूबर्टनं १९ ऑक्टोबर १८१४ या दिवशी, वयाच्या सतराव्या वर्षी, जर्मन कवी ग्योटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकातल्या ग्रेटशेनचं गाणं लिहिलं. ती चरख्यावर सूत काढत बसली आहे आणि निघून गेलेल्या माणसाला आठवते आहे. पियानोचा उजवा हात म्हणजे फिरतं चाक, डाव्या हातात पायपट्टी. तिला त्याचं चुंबन आठवतं तिथे चाक थांबतं. मग पियानो एकदा अडखळत सुरू होऊ पाहतो, पुन्हा पाहतो, आणि हळूहळू चाक फिरायला लागतं. हे गाणं आज रात्री नोटेशन समोर ठेवून ऐक.

आणि मग स्वतःची ओवी वाच. काम करणारी बाई, गोल फिरणारं यंत्र, दूर गेलेलं माणूस. शूबर्टला चरखा होता, तुझ्याकडे जातं आहे, आणि ते तुझ्या पहिल्याच शब्दात आहे. तरी तू पियानोला जातं होऊ दिलं नाहीस, त्याला चालीच्या मागे हार्मोनियमसारखं वाजायला लावलंस.

चरख्याची नक्कल मात्र करू नकोस. चरखा एकसारखा फिरतो, जातं तसं फिरत नाही. खुंटा पुढे ढकलताना जोर लागतो, परत येताना तो वेगानंच येतो. एक अर्धा फेरा जड, एक हलका. मूठभर दाणे घातले की आवाज बसका होतो, दाणे सरत आले की दगड दगडावर घासू लागतो आणि आवाज चढतो. तुमच्या घरी नसेल तर विचारून ठेव, कानबाईच्या सणातल्या रोटांच्या निमित्तानं खानदेशात अजून काही घरांतलं जातं फिरतं. नाहीतर आजीला नुसतं बसवून हात फिरवायला सांग आणि तिच्या खांद्याकडे बघ. खांदा कुठे जड होतो तिथे तुझ्या बारचा पहिला ठोका आहे.

लिहायला ६/८ घे, म्हणजे एका बारमध्ये तीन-तीनचे दोन गट. डाव्या हातात खालचा सा लांब, वर प आखूड, पुन्हा सा लांब, प आखूड. उजव्या हातात छोटं वर्तुळ, सा रे सा प असं काहीतरी. त्यात गंधार घालू नकोस, कारण सांगते. भीमपलासचा कोमल गंधार तू मध्यमाला शिवून घेतेस आणि तो पट्टीवरच्या गंधाराशी तंतोतंत जुळेलच असं नाही. हार्मोनियमवर रियाज करताना हे तुझ्या कानाला टोचलं असणार. पियानोही तसाच बांधलेला. त्यानं त्याच क्षणी तोच गंधार दाबला तर दोघांची ओढाताण होते. दुसऱ्या चरणातलं ‘तापीपार’ येईपर्यंत पियानोला सा, रे आणि प एवढ्यावरच ठेव. गंधार फक्त ओवीतल्या आईच्या गळ्यात. कॉर्ड अपुरा राहिला असं सर म्हणाले तर त्यांना आवाजाची ओळ धरून मोजायला सांग. तिसरा स्वर तिथे आहे. मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, लिहिताना मध्यमाची छोटी ग्रेस नोट (कणस्वर) गंधाराआधी काढ आणि दोन्हीवर स्लर (जोडणारी कमान) दे, पाश्चात्त्य पद्धतीनं शिकलेल्या गायिकेलाही ते वाचता येतं.

आता पॅरलल फिफ्थ. तू तंबोऱ्यासारखी सा-प जोडी डाव्या हातात ठेवलीस आणि चाल मध्यमावर गेली की तीच जोडी उचलून म-सां केलीस, पुढे प-रें. गोची तिथे आहे. सा-प जागचे हलले नाहीत तर ते पॅरलल होतच नाहीत, त्याला पेडल म्हणतात आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. शूबर्टच्या १८२७ सालच्या ‘विंटररायझं’ या गीतमालेतल्या चोविसाव्या, म्हणजे शेवटच्या गाण्यात, डावा हात जवळजवळ पूर्ण गाणंभर दोनच स्वर धरून बसतो, षड्ज-पंचमाचेच. रस्त्यावर वाद्य फिरवणाऱ्या म्हाताऱ्याचं ते गाणं आहे. आपल्या कानाला ते थेट तंबोऱ्याजवळचं वाटतं. म्हणून तंबोरा ठेव, पण तो बसलेलाच राहू दे. हलवायचा असेल तेव्हा जोडीनं उचलू नकोस.

मग डॉमिनंट. तू पत्रात लिहिलं नाहीस पण तुझ्या वहीतून मला दिसतं की तू पांढरी सहामधून गातेस. म्हणजे सा हा ए, कोमल गंधार सी, मध्यम डी, पंचम ई, शुद्ध धैवत एफ शार्प, कोमल निषाद जी. पंचमावरचा कॉर्ड या स्वरांतून बांधलास की ई-जी-बी, ई मायनर. तो सा कडे ओढ घेत नाही, कारण ओढ लावणारा शुद्ध निषाद भीमपलासात नाही. सरांचं म्हणणं एवढंच आहे.

आता भीमपलासचा निषाद शुद्ध कर आणि गाऊन बघ. नि सा ग म प नि सां, सां नि ध प म ग रे सा. काय झालं? पटदीप. बाकी एक स्वर हललेला नाही. दोन्ही राग दुपारचे, एका अंगणातले. आणि पटदीपाच्या पंचमावर कॉर्ड बांधलास तर ई-जी शार्प-बी, पक्का ई मेजर, सरांना हवा तोच.

पण आवाजाला पटदीप गायला लावू नकोस. माझा सल्ला असा, की आवाज शेवटपर्यंत भीमपलासातच राहू दे आणि शुद्ध निषाद फक्त पियानोला दे. आई जे तोंडानं म्हणत नाही ते जात्याला ठाऊक आहे. तुझा राग शाबूत राहतो, सरांचा डॉमिनंटही लागतो, आणि तो कुठून आला याला ओवीतच कारण आहे. एक पथ्य तेवढं पाळ : आवाजात कोमल निषाद येतो त्या बारमध्ये पियानोत शुद्ध निषाद आणू नकोस. निदान एक बार मध्ये जाऊ दे, नाहीतर कान दोन्हीकडून ओढला जातो आणि ऐकणाऱ्याला ती छपाईची चूक वाटते.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. तुझ्या वयाची असताना मला असंच गाणं लिहायचं होतं. मी आधी चाल बांधली, सुंदर बांधली, आणि मग एका कवितेचे शब्द तिच्यात बसवत गेले. तपासणाऱ्या बाईंनी गाणं वाजवलंच नाही. म्हणाल्या, कविता नुसती वाचून दाखव. मी वाचली. मग म्हणाल्या, आता चालीच्या ठोक्यांवर वाच. मला पुढे वाचता येईना. जिथे अर्थ होता तिथे चाल हलकी होती आणि ‘आणि’ या शब्दावर मी सगळ्यांत वरचा स्वर ठेवला होता. त्या दुपारी मी जे शिकले ते तुझ्या ओवीला लावून बघते.

ओवी हा अक्षरछंद. तुझ्या आजीच्या प्रत्येक चरणात आठ अक्षरं आहेत, मोजून बघ. ह्रस्व-दीर्घाचा हिशेब नाही, म्हणून कुठलं अक्षर लांबवायचं हे तुझ्या हातात आहे. जर्मन कवितेत आघात कवीनं आधीच बसवून दिलेले असतात, त्यामुळे तिथल्या संगीतकाराला ही मोकळीक कमी असते. पण एक गोष्ट जपायला हवी. आपण बोलताना ‘तापीपार’ तीन तुकड्यांत म्हणतो, ता-पी-पार. ओवी गाताना शेवटचा र सुटा होतो आणि त्याला स्वतःचा स्वर लागतो. नोटेशनखाली शब्द लिहिताना तू ‘पार’ एका नोटखाली लिहिलंस आणि ‘घरघर’ दोन नोटांखाली. मग आठाचा हिशेब कोसळला आणि बार तुटले. चारही चरण अक्षर-अक्षर सुटं करून पुन्हा लिही.

दुसरं, ‘डोया’. तुझ्या वहीत तू एका ठिकाणी त्याचा ‘डोळा’ केला आहेस, बहुधा पुण्यातल्या वर्गाला कळावं म्हणून. तसं करू नकोस. आपल्या खानदेशच्या लेवा बोलीत ळ चा य होतो हे तळटीप न देताही कळतं आणि गळ्याच्या दृष्टीनंही तुझ्या आजीचा शब्द जास्त चांगला आहे. लांबवलेल्या ‘डो’ नंतर ळ साठी जीभ मागे वळवावी लागते आणि स्वर तुटतो. ‘या’ वर तो घसरत जातो, तुटत नाही. हा शब्द मला तुझ्या गाण्याचा कणा वाटतो. त्याच्याकडे परत येते.

दुसऱ्या चरणाकडे बघ आधी. ‘तापीपार’ म्हणजे भुसावळच्या माणसाला यावल, रावेर, पलीकडे सातपुड्याचा पायथा. आज पुलावरून किती वेळ लागतो? पण ही ओवी पुलाआधीच्या मनातली आहे. माझ्या आईचं माहेर यावलकडचं, ती कधीही ‘माहेरी जाते’ म्हणाली नाही, ‘तापी उतरते’ म्हणायची. तेव्हा चालीचा चढ इथे हवा : ग म प नि सां असा ‘लेक गेली तापी’ वर चढ आणि ‘पा’ हे अक्षर तार षड्जावर धर. आ-कार आहे, वर उघडा लागतो. पियानो त्या वेळी मध्यमाच्या कॉर्डवर, डी मेजर. मग ‘र’ मींडेनं खाली पंचमावर, अगदी हलका, ठोका नसलेल्या जागी, आणि त्याच्याखाली ई मेजर. शुद्ध निषाद इथे पहिल्यांदा ऐकू येईल. डी वरून ई वर जाताना डावा हात एक पायरी वर जातो, म्हणून उजव्या हातातले तिन्ही स्वर खाली उतरव : सा वरून शुद्ध नि, ध वरून प, म वरून रे. एवढं केलंस की तुझे पॅरलल गेले.

आणि तिथे जातं थांबव. पूर्ण बारभर शांतता. तुझ्या वहीत एकही रिकामा बार नाही. तुला वाटलं असेल की शांततेला गुण मिळत नाहीत.

जातं पुन्हा सुरू होईल ते आधी डाव्या हातानं, एकटं, सा-प. मग तिसरा चरण, ‘पीठ पडे भुरभुर’. हा काही दुःखाचा चरण नाही. हात कामाला लागला आहे, पांढरं पीठ पडतं आहे, मन पलीकडे गेलं आहे. मॉड्युलेशन इथेच करायचं. कोमल गंधाराला नवा षड्ज मान. मूर्च्छना म्हणून तू हे शिकली आहेस, फक्त तिथे स्वर तेच राहतात आणि इथे एक बदलतो, धैवत कोमल होतो. ए मायनर, मग डी मायनर (इथे तो कोमल धैवत), मग जी मेजर, मग सी मेजर. गंमत बघ, तुझा जो कोमल निषाद ए च्या घरात डॉमिनंटला अडवत होता, तोच जी होऊन सी च्या घराचा दरवाजा उघडतो. चाल साधी ठेव, ग म प, बालगीतासारखी. कोमल धैवत आवाजाला देऊ नकोस.

आता ‘डोया’. ‘डो’ पंचमावर धर आणि तीन बार धरून ठेव. पंचम म्हणजे ई. हा स्वर सी मेजरमध्ये आहे, ई मेजरमध्ये आहे आणि ए मायनरमध्येही आहे. खाली डाव्या हातात जी, मग जी शार्प, मग ए, अर्ध्या-अर्ध्या स्वरानं सरकत. कोमल नि, शुद्ध नि, सा. डोळा वाटेवर लागलेला, हलत नाही, आणि पायाखालची जमीन मात्र घरी परत येते. कागदावर तीन कॉर्ड आहेत फक्त. मी काल हे हार्मोनियमवर तुझ्या शब्दांवर म्हणून पाहिलं आणि मला उठून पाणी प्यावं लागलं.

पहिल्या वेळी ‘वाटेवर’ रिषभावर अर्धवट सोड. मग तोच चरण पुन्हा घे, आणि या वेळी ‘वा’ गंधारावर, ‘टेव’ रिषभावर, ‘र’ षड्जावर, खाली ई मेजरवरून ए मायनर. रिषभ उतरताना येतोय, त्यामुळे तुझ्या गुरुजींचीही तक्रार नाही. आधीच्या ‘पार’ मधला र हलका होता, हा शेवटचा र मात्र लांबव, ओवी गाताना आजी लांबवते तसा.

बारचा हिशेब : सुरुवातीला नुसतं जातं चार बार, चार चरणांचे सोळा, शांततेचा एक, ‘डो’ च्या लांबीचे दोन जास्तीचे, शेवटच्या चरणाची पुनरावृत्ती चार. सत्तावीस झाले. उरलेले पाच-सहा बार आवाज संपल्यावर एकट्या पियानोचे. संगीतकार शूमाननं १८४० या एका वर्षात शंभराहून अधिक गाणी लिहिली, त्यांतली काही त्यानं अशीच संपवली आहेत : गाणारा गप्प झाला आहे आणि पियानो बोलतोच आहे. तुझ्या जात्यातले दाणे सरू देत. उजवा हात विरळ होत जाईल, शेवटी डाव्या हातातला एक सा. शेवटच्या कॉर्डवर मात्र गंधार पियानोला दे. आता आई गात नाही, तेव्हा तो तिच्याकडून जात्याकडे गेलेला चालेल.

आणखी ओव्या जोडू नकोस. तू लिहिलं आहेस की आजीकडे अशा पुष्कळ आहेत. असू देत, ३२ बारांत एकच पुरते. इंग्रजी कवितेचं म्हणशील तर मैत्रिणीचा सल्ला मनापासून आहे, पण तू इंग्रजी शब्दाचा जड अर्धा आणि हलका अर्धा कानानं ओळखत नसशील तर काम सोपं होणार नाही, वाढेल. बहिणाबाईंच्या कविता घेऊ का, असंही तू पत्राच्या कडेला लिहून खोडलं आहेस. खोडलंस ते बरं केलंस. त्या शब्दांच्या चाली आपल्या सगळ्यांच्या कानात बसल्या आहेत, तुला त्यांच्याशी भांडत लिहावं लागलं असतं.

पहिला आठवडा फक्त जात्याला दे, चालीला हात लावू नकोस. दुसऱ्यात चाल आणि कॉर्ड. तिसऱ्यात पियानो वाजवणाऱ्या कुणाला तरी शोध आणि स्वतः उभी राहून गा. बसून गाशील तर तुला हार्मोनियम आठवेल आणि तू त्याच्याकडे झुकशील. पियानोवाल्याला एवढंच सांग की माझ्यासाठी थांबू नकोस, जात्याच्या चालीनं चल.

एक राहिलं. आर्ट साँगच्या पहिल्या पानावर शीर्षकाखाली उजवीकडे संगीतकाराचं नाव असतं आणि डावीकडे कवीचं. तुझ्या वहीत उजवीकडे तुझं नाव आहे, डावी बाजू कोरी. ओवी आजीनं स्वतः जुळवली की तिच्या आईकडून आली हे तिलाच विचार. आईकडून आली असेल तर ‘पारंपरिक’ लिही आणि पुढे ‘यांच्याकडून’ म्हणून आजीचं नाव. तिनं जुळवली असेल तर ती कवयित्री आहे, तिचं पूर्ण नाव येईल. सासरचं लिहायचं की माहेरचं, तेही तिलाच विचार.